मामांची 1991ची मारुती 800: प्लग आणि गॅपच्या नोंदी

रविवार, 9 नोव्हेंबर 2025

मारुती 800, 1991चं मॉडेल. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ पॉइंट नावाचा उघडमिट होणारा स्विच ठरवतो. एमएच 15 (नाशिक) पासिंग, पहिल्या दिवसापासून मालक मामाच. 2026मध्ये आरसीचं पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण आहे, त्याआधी गाडी धड करायची.

तक्रार अशी. गावात काही त्रास नाही. सपाटीला साठच्या वेगाने मजेत चालते. चढ लागला आणि तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये पाय दाबला की मिसिंग (मध्येच ठोका चुकणं) सुरू. पाय जरा उचलला की त्याच क्षणी गुमान चालायला लागते. कसारा घाटात ट्रकवाल्यांनी हॉर्न मारमारून जीव नको केला, असं मामी सांगतात. मामा ते सांगत नाहीत.

मामांचं निदान: "पेट्रोलमध्ये आता उसाचा रस घालतात, गाडी तरी काय करणार?" गॅरेजवाल्याचं निदान: नवा कार्ब्युरेटर टाका.

मला इग्निशनचा संशय आहे. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू मरते, आणि पाय उचलल्यावर सुधारायलाही थोडा वेळ घेते. ही तसं करत नाही. ही ठोके चुकवते, आणि पाय उचलला की ताबडतोब सुधारते. पाय पूर्ण दाबला की सिलिंडर हवा-पेट्रोलने भरून येतो, पिस्टन ते सगळं दाबतो, आणि त्या दाबातून स्पार्क प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सिलिंडर अर्धवटच भरलेला असतो, तिथे अशक्त ठिणगीसुद्धा निभावून नेते. म्हणून इग्निशनची लंगडी बाजू आधी चढावर उघडी पडते.

शनिवार, 15 नोव्हेंबर

प्लग काढले. काढण्याआधी भोवतालची माती पंपाने उडवली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. इंजिन थंड असतानाच काढायचे, सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना जोर लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून 1, 2, 3 असे क्रमाने खोवून ठेवले. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे विसरलं तर प्लग वाचण्यात (रंगावरून सिलिंडरची तब्येत ओळखण्यात) काही अर्थ उरत नाही.

1 नंबर: चिनी मातीचं टोक फिकट करडं, कोरडं. गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली ठिणगीची फट, 1.15 मिलिमीटर.

2 नंबर: तसाच. गॅप 1.2. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या.

3 नंबर: काळा, ओला, चकाकणारा. बोटाला तेल लागतं. पेट्रोलने ओला झालेला प्लग वास देतो आणि काही मिनिटांत वाळतो. हा वाळला नाही, म्हणजे इंजिन ऑइल. गॅप 1.1.

अंगावरचा कोड वाचला आणि बरीचशी कथा तिथेच कळली: एनजीके बीपीआर6ईएस-11. शेवटचा 11 म्हणजे कारखान्यातूनच 1.1 मिलिमीटर गॅप. हे प्लग दमदार कॉइलच्या (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवते ती कॉइल), इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांसाठी. आटे बसतात, लांबी बसते, पानाही तोच लागतो, म्हणून दुकानदाराने दिले आणि मेकॅनिकने लावले. गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक गेलं. मामांकडच्या पुस्तकात या इंजिनाचा गॅप 0.7 ते 0.8 छापलेला आहे. प्लगचा नंबर ज्या कोपऱ्यात असावा तो कोपरा वाळवीने खाल्लाय.

जवळजवळ दीडपट फट, आणि ती उडवायला 1991ची कॉइल.

रविवार, 16 नोव्हेंबर

नवे प्लग लगेच टाकण्याचा मोह आवरला. एकदम सगळं बदललं की नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर बॉडीला जोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला (मामी बसल्या होत्या आत, त्यांना हे काम आवडलं). 155, 150, 148 पीएसआय. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. इथे हवेचा दाबच मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो, त्यामुळे गेजवर आकडाही तेवढा कमी दिसणार. हे लक्षात न घेता मुंबईच्या आकड्याशी तुलना करून लोक इंजिन खोलायला काढतात. आकड्यांपेक्षा तिन्हींमधला फरक महत्त्वाचा, आणि तो इथे नगण्य आहे.

3 नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं: 152. फारसं वाढलं नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. तेल वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरत असणार. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक झोत येतो, त्याच्याशीही हे जुळतं.

मग पॉइंट. काळवंडलेले होते, फट 0.3 झाली होती. नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, फट 0.45. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकतं: फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी लवकर पडते. म्हणून क्रम ठरलेला, आधी पॉइंट, मग टायमिंग, प्लग शेवटी. अनेकजण नेमकं उलटं करतात.

आणि एक मजा सापडली. कॉइलच्या दोन वायरी उलट्या लावलेल्या होत्या. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत कॉइलचं वजा टोक पॉइंटकडे जायला हवं, इथे अधिक टोक गेलं होतं. गाडी तशीही चालते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्लगचा मधला इलेक्ट्रोड सगळ्यात तापलेला असतो, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. तो ऋण असला तर ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं. ध्रुव उलटे झाले की इलेक्ट्रॉनना बाजूच्या, थंड इलेक्ट्रोडवरून उडी मारावी लागते आणि मागणी चांगलीच वाढते.

पेन्सिलीची जुनी तपासणी करून खात्री केली. प्लग आणि वायर यांच्यामधल्या ठिणगीत, रबरी मुठीच्या पकडीत धरलेलं पेन्सिलीचं टोक न्यायचं. ठिणगीचा पिसारा प्लगच्या बाजूला फुलला तर ध्रुव बरोबर, वायरच्या बाजूला फुलला तर उलटे. आधी वायरच्या बाजूला फुलत होता, वायरी बदलल्यावर प्लगच्या बाजूला फुलला.

जुनेच प्लग परत लावून विल्होळीच्या चढावर नेली. मिसिंग कमी झालंय, गेलेलं नाही.

शनिवार, 22 नोव्हेंबर

प्लग कुठले घ्यायचे, यावर दिवसभर डोकं चाललं.

शेजारचे काका सातपूरच्या मायकोतून रिटायर झालेले. (2008मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं. नाशिककरांनी मायको सर्कलचं नाव काही बदललं नाही.) त्यांच्या कपाटातून जुन्या मायको प्लगचे कोरे डबे निघाले. "घेऊन जा, पैसे कसले मागतोय मी!" इथल्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनायचे. प्लग बंगळूरचे, पण काकांना सगळ्या मालाचा सारखाच अभिमान.

डब्यावर डब्ल्यू175टी1. हा बॉशचा जुना क्रमांक, नव्या पद्धतीत तो डब्ल्यू7ए होतो. जुन्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड: 145पेक्षा 175 थंड, त्याहून 225 थंड. नव्या पद्धतीत 145चा झाला 8, 175चा 7, 225चा 5, म्हणजे आता आकडा मोठा तेवढा प्लग गरम. एकाच कंपनीने मोजपट्टी उलटी धरली. एनजीके आणि डेन्सोत आजही आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. दुकानात कुणी "सहा नंबर द्या" म्हणालं तर आधी कोणत्या कंपनीचा ते विचारावं.

गरम-थंड याचा ठिणगीशी काही संबंध नाही. टोकाची उष्णता किती लवकर हेडमध्ये उतरते, एवढाच प्रश्न. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेचा रस्ता लांब, टोक तापलेलं राहतं: गरम प्लग. नाक आखूड तर थंड. टोक साधारण 450 अंशांच्या वर राहिलं की काजळी आपोआप जळून जाते, 800च्या पुढे गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टन धोक्यात येतो. या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं. एनजीकेच्या एका आकड्याचा फरक म्हणजे टोकाच्या तापमानात 70 ते 100 अंशांचा फरक.

काकांचे प्लग मात्र परत ठेवावे लागले, आणि कारण उष्णतेचं नाही, लांबीचं. त्यांच्या आट्यांची लांबी 12.7 मिलिमीटर, आपल्या हेडला 19 हवी. आखूड प्लग बसतो, फिरतो, घट्टही होतो. पण ठिणगी भोकाच्या आत, बोगद्यात पडते, आणि उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात. नंतर कधी योग्य प्लग लावायला गेलं की तो अर्ध्यातच अडतो. याच्या उलट, लांब प्लग आखूड हेडमध्ये घातला तर पिस्टनच येऊन त्याला भेटतो. काका जरा खट्टू झाले. म्हणाले, "मग लॅम्ब्रेटावाला कुणी भेटला तर सांग." मी म्हटलं, "त्याच्याही पुस्तकात आधी लांबी बघू, काका."

तर अक्षरांचा हिशेब, एनजीकेच्या भाषेत. बी: 14 मिलिमीटरचे आटे, 20.8चा पाना. पी: नाक पुढे आलेलं. आर: आत रेझिस्टर. मग उष्णतेचा आकडा. ई: 19 मिलिमीटर लांबी (एच असता तर 12.7). एस: साधा, तांब्याच्या गाभ्याचा. त्यापुढे काही नसेल तर गॅप 0.8च्या आसपास येतो, 11 असेल तर 1.1.

आता 5 की 6? गाडीवर 6 होते. हा थंड पर्याय, दिवसभर हायवेला पळणाऱ्या गाडीला योग्य. मामांची गाडी कॉलेज रोड, भाजीसाठी गंगापूर रोड, महिन्यातून एखादं त्र्यंबक, अशी फिरते. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, त्यामुळे तीही पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. टोक पुरतं तापायच्या आत गाडी घरी परत. त्यात तिसऱ्या सिलिंडरला तेलाचा पाझर. म्हणून 5. घाटात चाळीस मिनिटं दमवली तरी 37 हॉर्सपॉवरच्या इंजिनाने 5 नंबरचं टोक 800 अंशांना नेणं अवघड आहे, आणि ते नेतं की नाही ते प्लग काढून पाहताच येईल.

रेझिस्टरचा घ्यायचा की नाही? जुन्या गाडीवाल्यांत असा समज आहे की रेझिस्टर ठिणगी खातो. ठिणगी पडेपर्यंत फटीतून करंट वाहतच नाही, मग आतल्या पाच हजार ओहमवर व्होल्टेज पडणार कुठून? पडली की मग तो काम करतो, रेडिओतली खरखर कमी करतो. आर घेतला. जुने तिन्ही प्लग मल्टिमीटरने मोजले: दोन पाच हजारांच्या आसपास, 2 नंबरचा चाळीस हजार. तो मेलाच होता.

इरिडियमचा आग्रह दुकानात खूप झाला. चार-पाच पट किंमत. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते हे खरं, टोक वर्षानुवर्षं झिजत नाही हेही खरं. पण तेल पिणाऱ्या सिलिंडरमध्ये तो झिजायच्या आधी काळा होणार, आणि शिवाय त्याचा गॅप हाताने लावायला भीती वाटते. मला गॅप बदलून बघायचेत. साधे तांब्याचे बीपीआर5ईएस घेतले, एक जादा.

दुसऱ्या एका दुकानात त्याच नावाचे निम्म्या किमतीचे प्लग होते. हातात घेऊन पाहिले: मधला इलेक्ट्रोड मध्यावर नाही, वॉशर गळून हातात येतो, छपाई नखाने निघते. खाली ठेवले.

रविवार, 23 नोव्हेंबर

गॅप लावले. कामाला अर्धा तास लागतो, पण ज्यांना ते करताना पाहिलंय त्यांतले बहुतेक लोक प्लगची वाट लावतात, म्हणून सविस्तर लिहितो.

डब्यातून निघालेले: 0.82, 0.78, 0.9, आणि जादाचा 0.8. एकाच दुकानातले, एकाच छापाचे. 0.9वाला बहुधा कधीतरी दुकानदाराच्या हातून पडला असेल. "कारखान्यातूनच सेट होऊन येतात" हे वाक्य दुकानदारासाठी ठीक आहे.

नव्या प्लगला पट्टीचा फिलर गेज चालतो, कारण दोन्ही पृष्ठभाग सपाट असतात. जुन्या प्लगच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला खळगा पडलेला असतो. सपाट पट्टी खळग्याच्या काठांवर टेकते आणि खरी फट जास्त असूनही कमी दाखवते. तिथे तारेचा गेज हवा. परवाचे 1.15 आणि 1.2 मी तारेनेच मोजले होते. पट्टीने मोजून बघितलं तर तेच 1.05 आणि 1.1 दिसतात.

वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्याला टेकू देऊन तरफेसारखा जोर द्यायचा नाही, चिनी मातीच्या नाकाला केसाएवढी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. चढावर मात्र ती ठिणगी आतल्या आत पळवते. नाण्यासारखा जो गोल, कडेने जाड होत जाणारा गेज मिळतो तो फटीत सरकवत नेला की नेमका हाच जोर मधल्या इलेक्ट्रोडवर येतो. तो मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. गॅप कमी करायचा तर प्लग उलटा धरून इलेक्ट्रोड लाकडी ओट्यावर हलकेच ठोकायचा, एका ठोक्यात शतांश-दोन शतांश मिलिमीटर. वाढवायचा तर बाजूच्या इलेक्ट्रोडला खाच असलेल्या पट्टीने धरून वर उचलायचा. शेवटी तो मधल्याच्या माथ्यावर समांतर दिसला पाहिजे. तिरका राहिला तर ठिणगी एकाच कडेवरून पडते आणि ती कड लवकर झिजते.

तिन्ही 0.75ला. गेज जाडजूड पुस्तकातली खूण ओढून काढावी तसा निघायला हवा: अडकत नाही, पण असल्याची जाणीव होते. 0.8 जात नाही, 0.7 सैल जातो, म्हणजे झालं.

टोकाच्या फिरत्या नटाकडे लक्ष द्यायचं. दुचाकीला तो काढून ठेवतात, गाडीच्या वायरला तो लागतो, आणि सैल राहिला तर तिथेच एक जादा फट तयार होते. पकडीने आवळले.

बसवताना पानाला आधी हात लावायचा नाही. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून बोटांनी फिरवायचा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. बोटांनी पूर्ण बसला की टॉर्क पान्याने 25 न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर नव्या वॉशरला बोटाच्या घट्टपणानंतर अर्धा फेरा किंवा थोडा जास्त, आणि एकदा दबलेल्या जुन्या वॉशरला जेमतेम बारावा हिस्सा. ग्रीस लावायचं नाही. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग कितीतरी जास्त ताणला जातो.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-2. वायरी एकेक करून काढल्या-लावल्या, म्हणजे डोकं चालवावं लागत नाही.

मंगळवार, 25 नोव्हेंबर

मामा गावात फिरवतायत. "गाडी हलकी झाली रे!" म्हणाले. यावर सध्या विश्वास नाही, गाडी धुतली तरी ते हेच म्हणतात.

रविवार, 30 नोव्हेंबर

कसारा घाट, खाली उतरून परत वर. मामा, मामी, मी, मागे डिकीत स्टेपनी आणि मामींनी इगतपुरीसाठी घेतलेला डबा. चौघांची गाडी असली तरी तिघांतच तिचं मन भरतं. उतरताना पाय पूर्ण सोडून, गियरमध्ये. चढताना तिसऱ्यात पाय जमिनीला टेकवून. एकही ठोका चुकला नाही. मामांनी एक कंटेनर मागे टाकला आणि त्यावर बराच वेळ बोलले.

लांब उतार संपवून पुन्हा पाय दिला तेव्हा आरशात निळा धूर दिसला. उताराला पाय सोडलेला असतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) जोराचा निर्वात तयार होतो आणि व्हॉल्व्हच्या जुन्या सीलमधून तेल ओढलं जातं. 3 नंबरचं निदान पक्कं.

सोमवार, 1 डिसेंबर

रात्रभर थंड झालेल्या इंजिनातून प्लग काढले. 1 आणि 2: जवळजवळ पांढरे, कुठे कुठे फिकट बदामी. 3: अर्धा बदामी, एका बाजूला काळा तेलकट पट्टा. पण ओला नाही, टोक स्वतःला साफ करतंय. 5 नंबरची निवड इथे वसूल झाली.

1 आणि 2चा पांढरेपणा बघून मामा दचकले. "प्लग चॉकलेटी असला पाहिजे, आम्ही हेच शिकलो." ते शिकले तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते देशभरात 1 फेब्रुवारी 2000पासून बंद झालं, आणि चॉकलेटी रंगातला बराच भाग त्याचाच होता. आता 20 टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल काजळी कमी करतं, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची भोकं) ठरलेले, ते हवा-पेट्रोल त्याच प्रमाणात देतात, परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ (गरजेपेक्षा हवा जास्त) होतं. म्हणजे मामांचा उसाचा रस अगदीच निर्दोष नाही. पातळ मिश्रण पेटवायला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि 1.1च्या फटीला ते आणखी महागात पडलं असणार.

पांढरं किती चालेल? चिनी माती कोरडी, गुळगुळीत आणि इलेक्ट्रोडच्या कडा शाबूत असतील तर चालेल. मातीवर चकाकणारे बारीक मणी किंवा फोड दिसले, इलेक्ट्रोड निळसर झाला, तर नाही. भिंगाखाली पाहिलं, मणी नाहीत. तरी मेन जेट एक नंबर मोठा मिळाला तर लावून पाहायचा आहे.

शनिवार, 6 डिसेंबर

थंडी पडली. सकाळी सहाला चोक ओढून अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. मामा चोक विसरतात, तो विसर पाटी लावल्याशिवाय जाणार नाही. चोक ओढलेला ठेवून दहा मिनिटं दारात गाडी "गरम करणं" हा प्लग काळे करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. मिनिटभराने निघायचं, हळू चालवायची, चोक आत ढकलत जायचा.

रविवार, 14 डिसेंबर

ज्यासाठी तांब्याचे प्लग घेतले ते आज केलं: तेच प्लग, तोच रस्ता, गॅप वेगळे. पेठ रस्त्याला सावळघाट. पेठकडे उतरायचं आणि नाशिककडे परतताना चढायचं. कसाऱ्यापेक्षा गर्दी कमी, थांबायला जागा आहे.

0.9: आयडलिंग या गाडीचं आजवरचं सगळ्यात गोड. एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी जेमतेम हलत होतं. मोठ्या फटीत ठिणगी लांब, तिच्याभोवती मिश्रणाला पेटायला जागा जास्त, आयडलिंगच्या विरळ, जळक्या वायूत मिसळलेल्या मिश्रणालाही ती पेटवते. घाटात मात्र वरच्या वळणांवर चौथ्या गियरमध्ये दोन धक्के. अजून पॉइंट नवा आहे. सहा महिन्यांनी पॉइंट काळा पडल्यावर हेच दहा धक्के होतील.

0.6: घाटात कुठेही, कसाही पाय दाबा, बेदाग. आयडलिंगला पेल्यातलं पाणी हिंदकळतं, आणि थंड इंजिनावर क्लच सोडताना एक आचका येतो. फट लहान, ठिणगी सहज पडते, पण इलेक्ट्रोडच्या थंड धातूला चिकटलेली इवली ज्योत कधी कधी तिथेच विझते.

0.75: दोन्हीकडे पास, कुठेच पहिला नंबर नाही. पुस्तकवाल्यांना हे आधीच माहीत होतं, पण धक्का कुठे लागतो ते पायाला कळणं वेगळं. शिवाय गॅप झिजेने वाढतच जातो, कमी कधी होत नाही, म्हणून 0.7ला लावून 0.8ला पोचल्यावर परत आणायचा असं ठरवलं. तिन्ही 0.7.

मामांनी विचारलं, मग 1.1वाले प्लग बनवतातच का? कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशनला पॉइंट जळायची भीती नसते, कॉइलला जास्त करंट देता येतो, व्होल्टेज मुबलक असतं, आणि पातळ मिश्रण, स्वच्छ धूर यासाठी लांब ठिणगी फायद्याची पडते. त्या गाडीत 0.7 लावला तर तीही नाराज होईल. गॅप प्लगचा नसतो, कॉइलचा असतो, असं म्हटलं तर काका आणि मामा दोघेही एकाच वेळी मान हलवतात, हा दुर्मिळ योग.

शनिवार, 20 डिसेंबर

पीयूसी. या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्के, हायड्रोकार्बन 1500 पीपीएम ही मर्यादा. आज सीओ 1.7, हायड्रोकार्बन 520. मागच्या पावतीवर सीओ जवळपास तेवढाच, हायड्रोकार्बन 1290 होते. सीओ मिश्रण सांगतो, ते बदललेलं नाही. न पेटता बाहेर पडणारं पेट्रोल हायड्रोकार्बनमध्ये दिसतं. कार्ब्युरेटरला आपण हात लावलेला नाही, त्यामुळे नवा कार्ब्युरेटर घेऊन काय साधलं असतं ते यातच आलं.

रविवार, 28 डिसेंबर

3 नंबर पुन्हा काढला. काळा पट्टा तेवढाच, गॅप 0.71. वायरब्रशने घासला नाही: तारेचे धातूचे ओरखडे चिनी मातीवर राहतात आणि वीज त्यांवरून बाजूला पळते. वाळूच्या मशीनवरही नेला नाही, कारण नाकाच्या मागच्या खोबणीत अडकलेला एखादा कण नंतर सिलिंडरमध्ये पडतो. पेट्रोलने धुतला, वाळवला, परत लावला.

गॅरेजमधून सल्ला आला की 3 नंबरला एकट्यालाच 4 नंबरचा, आणखी गरम प्लग लावा, तेल जळून जाईल. जुनी आणि चालणारी युक्ती आहे. पण तेल तर आत येतच राहणार, आणि उद्या कसाऱ्यात त्या एका सिलिंडरचं टोक बाकीच्यांपेक्षा शंभर अंशांनी गरम असणार. नको.

जानेवारीत सीलच बदलू. हेड न काढता करायचा विचार आहे: पिस्टन वर येण्याच्या थोडा आधी थांबवायचा, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरायची, मग पिस्टन दोरीवर दाबायचा म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत आणि स्प्रिंग सोडवता येते. दोरीचं एक टोक बाहेर राहिलंच पाहिजे. सामान: सीलचा सेट, स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, आठ मिलिमीटरची दोरी, लोहचुंबक (स्प्रिंगचे लॉक उडतात). काकांनी क्लॅम्प द्यायचं कबूल केलंय, बदल्यात त्यांच्या स्कूटरचा प्लग बघायचा आहे.